सफाईचं काम ठेक्याने दिलं तर युनियनच्या पोटात का दुखतं?

तुमचा प्रश्न असा: नाशिकमध्ये झाडलोट ठेकेदाराकडे देऊन मनपाचा पैसा वाचत असेल आणि कायम माणसांपैकी एकालाही काढलं नसेल, तर युनियन मोर्चे कशाला काढते?

मी पंचवटीकडे हजेरी शेडवर अकरा वर्षं मुकादम होतो आणि युनियनची पावती दरवर्षी फाडतो. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

काढलं कुणालाच नाही, हे खरं. काढावं लागतच नाही. माणूस रिटायर होतो, शाल-नारळ होतो आणि जागा तशीच रिकामी राहते. आस्थापना खर्च, म्हणजे पगार वगैरेवरचा खर्च, मनपाच्या उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर गेला की भरती बंद, अशी राज्य सरकारची अट आहे. पगारपत्रकावरचा माणूस त्या हिशेबात येतो, ठेकेदाराचं बिल दुसऱ्याच खात्यात पडतं. रस्ते तेवढेच, कचरा वाढलेला, पण कागदावर खर्च आटोक्यात!

त्यात लाड-पागे समितीचा विषय आहे, तो बाहेरच्यांना सहसा माहीत नसतो. या समितीच्या शिफारशीप्रमाणे सफाई कामगार निवृत्त झाला किंवा वारला तर त्याच्या वारसाला नोकरी मिळते. जागाच ठेक्यात गेली तर वारस कुठे चिकटणार? पोराने पण झाडूच धरावा का, हे मलाही खटकतं. पण त्याच पगारावर शिकून नातवंडं इंजिनिअर झालेली घरं मी पाहिली आहेत.

आता वाचलेल्या पैशाचं. गंगेवरचा, म्हणजे गोदावरीकाठचा, बुधवारचा बाजार उठला की गुरुवारी पहाटे कोबीचा पाला, सडके टोमॅटो, भिजलेली पोती, असा घोट्यापर्यंत चिखल असतो. तिथे ठेक्यावरची एक ताई आमच्या शेजारच्या पट्ट्यात असायची. एकदा तिने मोबाईल पुढे केला, 'दादा, हे वाचून सांगा ना.' खात्यात किमान वेतनाइतका पगार जमा झालेला, आणि त्याच दुपारी एटीएममधून जवळजवळ निम्मा काढलेला. कार्ड तिच्याकडे नव्हतंच, सुपरवायझरकडे होतं. पीएफच्या पासबुकात चार महिने कोरे. आम्ही कामगार उपायुक्तांकडे अर्ज लिहून दिला. कार्ड परत मिळालं, आणि पुढच्याच आठवड्यात तिची ड्युटी शहराच्या दुसऱ्या टोकाला लागली. तुम्ही म्हणता ती बचत बऱ्याचदा अशी निघते.

जबाबदारी मात्र ठेक्याबरोबर जात नाही. रस्ते साफ ठेवणं हे १९४९च्या महापालिका अधिनियमातल्या कलम ६३ प्रमाणे मनपाचं बंधनकारक काम आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ मालकाने, म्हणजे इथे मनपाने, तो द्यायचा, हेही कायद्यात आहे.

कोर्टात जायचं तर वाट लांबची. स्टील अथॉरिटीच्या केसमधल्या सुप्रीम कोर्टाच्या २००१च्या निकालानंतर ठेका रद्द झाला म्हणून कुणी आपोआप कायम होत नाही. ठेका नावापुरताच होता, हे सिद्ध करावं लागतं. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने ते करून दाखवलं. २०१७ साली सुप्रीम कोर्टाने तिथले २,७०० कंत्राटी कामगार कायम करण्याचा आदेश उचलून धरला. अशा केसमध्ये हजेरी कोण घेतो, काम कोण सांगतो, रजा कोण देतो, हेच बघतात. म्हणून मी ठेक्यावरच्या सगळ्यांना एकच सांगतो, हजेरीच्या पानाचा फोटो रोज काढा.

आता आमचं चुकलं तेही ऐका. कायम असलेले काही जण स्वतः घरी बसून तीनशे-चारशे रुपयांवर बदली माणूस पाठवायचे, आणि आम्ही मुकादम तिकडे काणाडोळा करायचो. खासगीकरणवाल्यांना आयतं कोलीत मिळालं ते आमच्याच हातून. शिवाय ठेक्यावरचे लोक 'आपले नाहीत' म्हणून कितीतरी वर्षं त्यांना मीटिंगला बोलावलंही नाही. आता बोलावतो, तर ते ठेकेदाराच्या धाकाने येत नाहीत.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात तुमच्या प्रभागाच्या ठेक्यातली मंजूर माणसं आणि ठेकेदाराची सहा महिन्यांची पीएफ चलनं मागा. मग एखाद्या दिवशी सकाळी सहाला चहा घेऊन कोपऱ्यावर उभे राहा, आणि झाडणारी डोकी मोजा.