३३ इंची स्ट्रायपर आणि भिंतीवरचं जुनं पत्रक

तुमची पोस्ट वाचली आणि २०२३चा ऑक्टोबर आठवला. तुम्ही एप्रिलमध्ये अडकलात, मी थंडी सुरू होताना. बाकी न्यू जर्सीतल्या रॅरिटन बेचा किनारा तोच, मासा तोच, आणि आमिषाच्या दुकानातलं, ठेवता येणाऱ्या माशाचं माप '२८ ते ३८ इंच' लिहिलेलं पत्रकही बहुतेक तेच. ३३ इंची स्ट्रायपर, म्हणजे पट्टेवाला स्ट्राइप्ड बास मासा, बर्फात ठेवलात, गाडीपाशी अधिकाऱ्याने पेटी उघडायला लावली, मासा गेला आणि हातात दंडाची चिठ्ठी आली. आता विचारताय की कोर्टात भांडू का, आणि पुढे नियमात बसणारा मिळाला तर घरी मुलाबाळांनी खाल्लेला चालेल का.

नोंदणी, रॉड, रीळ यांवर बोलत नाही. रत्नागिरीच्या माणसाला गरवायला काय शिकवायचं!

भांडू नका. मी वकील नाही, तुमच्या चिठ्ठीवर कुठलं कलम लावलंय तेही मी पाहिलेलं नाही. पण मी भांडलो, त्याचं काय झालं ते सांगतो.

२०२३ सुरू झालं तेव्हा न्यू जर्सीत २८ ते ३८ हेच माप होतं. मे महिन्यात अटलांटिक किनाऱ्यावरच्या राज्यांच्या आयोगाने तातडीचा निर्णय घेतला आणि जुलैपासून वरची मर्यादा ३१ इंचांवर आली. पत्रकं आधीच छापून, वाटून, भिंतीवर चिकटवून झाली होती. मला कुणीतरी म्हणालं होतं की काहीतरी बदललंय, म्हणून जायच्या आदल्या दिवशी मी एका कचेरीत फोन केला. नाव घेत नाही. पलीकडचा माणूस कागद चाळत म्हणाला, "पत्रकात आहे तेच." एवढ्यावर मी निर्धास्त झालो. त्याचं नाव विचारलं नाही, वेळ टिपली नाही, ईमेल तर पाठवलाच नाही. ही माझी सगळ्यात महागात पडलेली चूक.

चिठ्ठी मिळाल्यावर त्याच कचेरीत पुन्हा फोन केला, तर "आम्ही फोनवर मापं सांगतच नाही" हे उत्तर. तिथून दुसऱ्या नंबरवर, तिथून तिसऱ्या, तिथून परत पहिल्या. कोर्टासाठी दोनदा रजा टाकली. पत्रक पुरावा म्हणून पुढे केलं, तर सरकारी वकिलाने तळाची बारीक ओळ वाचून दाखवली: नियम वर्षाच्या मध्येही बदलू शकतात, ताजी माहिती वेबसाइटवर पाहावी. संपलं. दंड भरला, वर कोर्टाचा खर्च भरला. पहिल्याच आठवड्यात गुपचूप भरला असता तर दोन रजा तरी वाचल्या असत्या. तुमच्याकडे त्या कचेरीचं काही लेखी असेल तर गोष्ट वेगळी, मग एखाद्या वकिलाला जरूर दाखवा.

राग नियमावर नाही, हे आवर्जून सांगतो. हा मासा आपल्या पाल्यासारखा, राहतो समुद्रात आणि अंडी घालायला नदीत चढतो. एप्रिलमध्ये तुम्हाला जे भेटतात ते बंकर नावाच्या लहान माशांच्या थव्यांमागे खाडीत शिरलेले, त्यातले कित्येक पुढे हडसन नदीत जाणारे. पण किनाऱ्यावरचा बहुतेक साठा दक्षिणेकडच्या चेसापीक उपसागराच्या नद्यांत जन्मतो, आणि तिथे २०१९ पासून पिल्लं फार कमी सापडताहेत. त्यात २०२२ साली हौशी लोकांनी आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट मासे मारले. २०१५ साली जन्मलेली भरघोस पिढी नेमकी मोठी होत होती, तिला वाचवायला ३१ची रेघ आली. मोठी मादी म्हणजे लाखो अंडी. १९८५ साली चेसापीकवरच्या मेरीलँड राज्याला हा मासा पकडणं पूर्ण बंद करावं लागलं होतं, ते १९९० पर्यंत. तेव्हा मासा परत आला, पण म्हणून दर वेळी येईलच असं नाही.

यापुढे जाण्याच्या दिवशी सकाळी राज्याची वेबसाइट उघडा आणि मोबाइलवर तारखेसकट फोटो काढून ठेवा. दुकानदाराचं, भिंतीचं आणि माझंही ऐकू नका. माप घेताना तोंड मिटवा आणि शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जुळवा, मासा तेवढ्याने थोडा लांब भरतो. ३१च्या काठावरचा वाटला तर सोडून द्या, अर्ध्या इंचासाठी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. आमिष लावत असाल तर गोल गरी (सर्कल हुक) सक्तीची आहे, आणि तिला आपल्या सवयीने झटका द्यायचा नाही, नुसती रीळ गुंडाळत राहायची. ही सवय मोडायला मला एक आख्खा हंगाम लागला.

आता खाण्याचं. चवीला जिताड्याच्या जवळचा, पांढरा, जाड तुकड्यांचा. पण हडसनच्या गाळात पीसीबी नावाचं रसायन साचलेलं आहे, त्यापायी नदीतला या माशाचा धंदा १९७६ साली बंद केला. हे रसायन चरबीत बसतं आणि शिजवून जात नाही. म्हणून कातडी, पोटाची चरबी आणि बाजूचा काळपट लाल पट्टा काढून टाका. उरलेलं जाळीवर भाजा, म्हणजे चरबी गळून जाते. कालवण नको, सगळं रसात उतरतं. लहान मुलांना आणि गरोदर बाईला मी या खाडीतला मासा देणार नाही. आमच्या घरी यावरून वाद झाला. आई इथे आली होती, तिच्या मते डोक्याचं कालवण नाही तर मासा आणलाच कशाला.

तिच्यासाठी मग आशियाई दुकानातून टाकीतला जिवंत, शेतात वाढवलेला संकर बास (याच माशाचा संकर) आणला. त्याचे पट्टे तुटक असतात, दीड-दोन पौंडांचा मिळतो. आमसूल, तिरफळं घालून छान लागला, डोक्यासकट.

आणि चिठ्ठीवर उत्तर द्यायची तारीख असते, ती आधी बघा. ती चुकली तर वेगळंच लफडं होतं.