टीएचक्यू ही गेम कंपनी बंद का पडली?

मुख्य कारण यूड्रॉ. टीव्हीवर चित्रं काढायची ही पाटी २०१० साली निन्टेन्डो वी या टीव्हीला जोडायच्या गेम-यंत्रावर चांगली खपली, म्हणून पुढच्या वर्षी प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या दुसऱ्या यंत्रांसाठीही काढली. पण तिथलं गिऱ्हाईकच वेगळं! सुमारे १४ लाख पाट्या पडून राहिल्या. मागणी न बघता माल काढला की गोदाम भरतं, हे आपल्या सोलापुरात चादरीवाला कुणीही सांगेल. त्यात सिनेमा-कार्टूनवरच्या मुलांच्या गेमचा बाजारही आटत चालला होता. डिसेंबर २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज, जानेवारी २०१३ मध्ये कंपनीच्या गेम बनवणाऱ्या स्टुडिओंची विक्री. प्लेस्टेशन २ वर आपण खेळायचो ती कुस्तीची गेम स्मॅकडाऊन टीएचक्यूचीच, म्हणून मला फार वाईट वाटतं. रेलिक, व्होलिशनसारखे गुणी स्टुडिओ हाताशी असताना पाट्यांवर पैसा घालवणं अक्षम्यच. रेलिक पुढे सेगा या गेम कंपनीने घेतला, कुस्तीच्या गेम काढायचा परवाना टेक-टू या दुसऱ्या गेम कंपनीकडे गेला.