नागपुरात थारसाठी कोणती बॅटरी घ्यावी?

तुमच्याकडे २०१२ ची डिझेल थार आहे, महिन्यातून दोनदा पेंचकडच्या कच्च्या वाटेनं जाणं होतं आणि चार वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या. आता जास्त एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते तो आकडा) घ्यावी की एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेली बंद बॅटरी), असं विचारलंय. भाऊ, माझीही थार त्याच पिढीची आहे आणि याच भागात चालते. तिसरी घेण्याआधी पहिल्या दोन कशानं गेल्या ते शोधा, एवढं कळकळीनं सांगतो.

माझी एक बॅटरी दीड वर्षातच गेली. देवलापारच्या पुढे चहाला थांबलो, परत येऊन सेल्फ मारला तर नुसतं टक् टक्. दिवे लागत होते, हॉर्नही वाजत होता. मल्टिमीटर लावला तर साडेदहा व्होल्ट. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात, चार्ज असताना प्रत्येकी साधारण २.१ व्होल्टचे. साडेदहा म्हणजे एक सेल मेलेला. बॅटरी हातानं हलवून पाहिली तर ट्रेमध्ये बोटभर सरकत होती. वरून दाबून धरणाऱ्या पट्टीचा नट गंजून ढिला झाला होता. गोट्यांवर बॅटरी अशी आदळत राहिली की प्लेटांवरचा शिशाचा लेप झडतो, तळाशी साचतो आणि शेवटी दोन प्लेटा आतल्या आत शॉर्ट होतात. आता मी दर फेरीआधी बोनेट उघडून बॅटरीला दोन्ही हातांनी हिसका देतो. ती हलली तर आधी नट कसतो, मगच निघतो.

दुसरं कारण म्हणजे आपलं ऊन. बॅटरी थंडीत मरते असं लोकांना वाटतं, कारण गाडी सुरू व्हायला थंडीतच नाटक करते. पण तिचं खरं नुकसान मे महिन्यात झालेलं असतं. पारा ४५ च्या वर, त्यात बोनेटखाली इंजिनची धग. पाणी उडतं, प्लेटांच्या जाळ्या गंजतात. म्हणून दुकानदार सीसीएचा (कडाक्याच्या थंडीत बॅटरी सेल्फला किती करंट देऊ शकते त्याचा) मोठा आकडा दाखवून जास्त पैसे मागत असेल तर भुलू नका. सीसीए मोजतात उणे १८ अंशांवर. डिझेल इंजिनला सेल्फसाठी दमदार करंट लागतो हे खरं, त्यामुळे कंपनीनं सांगितलंय त्यापेक्षा कमी घेऊ नका. पण आपली डिसेंबरातली पहाट काही लडाखची नाही.

एजीएम धक्के छान सोसते. विंच (अडकलेली गाडी ओढून काढणारी मोटर) लावली असेल तर एजीएमचा विचार जरूर करा, कारण विंच पूर्ण ओढीवर शेकडो अँपिअर खाते. पण एजीएमला उष्णता सोसत नाही आणि उडालेलं पाणी वरून भरता येत नाही. विंच नसेल तर मी झाकणं उघडणारी साधी बॅटरी घेईन. मार्च ते जूनमध्ये पंधरा दिवसांनी पातळी बघायची आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, ॲसिड कधीच नाही.

एएच थोडं वाढवलं तर बिघडत नाही, पण ती ट्रेमध्ये घट्ट बसायला हवी. उंचीही बघा. प्लसच्या टर्मिनलवर कणकेचा गोळा ठेवून बोनेट हळूच लावा आणि उघडा. गोळा चपटा झाला तर ती बॅटरी परत करा, खड्ड्यात टर्मिनल पत्र्याला टेकलं तर आगच. प्लस-मायनसची बाजूही जुन्यासारखीच असू द्या, नाही तर केबल ताणून बसवावी लागते.

दुकानात तारखेचा कोड वाचून दाखवायला सांगा. महिनोन् महिने फळीवर पडलेली नको. तिथंच व्होल्ट मोजा, १२.६ च्या आसपास हवेत. वॉरंटीत किती महिने फुकट बदलून मिळते आणि किती महिने नुसती सूट, हे कार्डावर लिहून घ्या. जुनी बॅटरी तिथंच द्या, शिशाचे पैसे वळते होतात.

आणि हे सगळं करण्याआधी आजच एक काम करा. गाडी सुरू करून टर्मिनलवर व्होल्ट मोजा, दिवे बंद ठेवून आणि लावून, दोन्ही वेळा. १३.८ ते १४.५ असेल तर चार्जिंग ठीक. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) रेग्युलेटर बिघडलाय आणि तोच तुमच्या बॅटऱ्या उकळवतोय. १३ च्या खाली राहिला तर बॅटरी कायम अर्धपोटी. आकडे इथं लिहा, सोबत ट्रेची लांबी-रुंदी आणि जुन्या बॅटरीवरचं लेबलही. मग नेमकी कोणती घ्यायची ते सांगतो.