मणिबेलीची तक्रार वॉशिंग्टनला कशी पोचली?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : मी शहादा तालुक्यात सरदार सरोवराच्या एका पुनर्वसन वसाहतीजवळच्या शाळेत शिकवते. वसाहतीतील म्हातारी माणसे सांगतात, की आमच्या लढ्यामुळे जागतिक बँकेचे पैसे थांबले. मुलांना हे पटत नाही, कारण धरण तर झालेच. खरे काय? आणि डोंगरातल्या माणसांचे म्हणणे एवढ्या लांब पोचले तरी कसे?
— एक शिक्षिका, शहादा तालुका

उत्तर : म्हाताऱ्यांचे म्हणणे खरे आहे आणि मुलांची शंकाही रास्त आहे. जागतिक बँकेने 1985 मध्ये या प्रकल्पासाठी 45 कोटी डॉलर मंजूर केले. तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांची 33 गावे बुडितात जाणार होती आणि त्यांत पहिला क्रम मणिबेलीचा होता. 1986 मध्ये तिथे नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली आणि पुढे महाराष्ट्र, मध्य प्रदेश व गुजरात या तिन्ही राज्यांतील संघटना मिळून नर्मदा बचाव आंदोलन झाले.

आता मुद्द्याची गोष्ट. ‘आमच्यावर अन्याय होतो आहे’ एवढेच लिहिलेले पत्र बँकेत गेले असते, तर त्याला पोच मिळाली असती आणि ते फायलीत पडले असते. आंदोलनाने आणि त्याच्या परदेशातील साथीदारांनी वेगळे केले. विस्थापितांचे राहणीमान निदान पूर्वीइतके तरी झाले पाहिजे, असे बँकेचे स्वतःचे धोरण 1980 पासून होते. आदिवासींच्या पारंपरिक वहिवाटीचा हक्क मानणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 107 क्रमांकाचा करार भारताने 1958 मध्येच मान्य केला होता. प्रत्यक्षात काय चालले होते? डोंगरउतारावर पिढ्यान् पिढ्या ज्वारी-मका पिकवणाऱ्या कुटुंबाच्या नावावर सातबारा नसे. जंगल साफ करून कसलेली ती जमीन, जिला तिकडे नेवाड म्हणतात, कागदोपत्री वनखात्याची होती. म्हणून कसणारा ‘अतिक्रमणदार’ ठरे आणि अतिक्रमणदाराला जमिनीच्या बदल्यात जमीन मिळत नसे. एका बाजूला बँकेचे धोरण आणि श्रम संघटनेचा करार, दुसऱ्या बाजूला गावागावांतून गोळा केलेली अशा कुटुंबांची माहिती. ही दोन्ही शेजारी ठेवल्यावर तक्रारीला जे वजन आले, ते घोषणांना कधीच आले नसते.

तरीही बँक आपणहून हलली नाही. बँकेला सदस्य देशांकडूनही पैसा येतो आणि अमेरिकेचा वाटा तिथल्या काँग्रेसच्या मंजुरीवर अवलंबून असतो, हे वॉशिंग्टनमधल्या पर्यावरणवादी संस्थांना पक्के ठाऊक होते. म्हणून ऑक्टोबर 1989 मध्ये मेधा पाटकर यांची साक्ष बँकेच्या कार्यालयात नव्हे, तर अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे झाली. जपानमधील संस्थांनी आपल्या सरकारला गाठले आणि 1990 मध्ये जपानने जनित्रांसाठी द्यावयाचा पैसा रोखला. इकडे डिसेंबर 1990 मध्ये निघालेला मोर्चा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे अडवला गेला आणि तिथे उपोषण सुरू झाले. फेरकुव्यात लोक बसले नसते तर वॉशिंग्टनमधल्या बैठकीत सांगण्यासारखे काही उरले नसते. या कामाची इंग्रजी वर्णने वाचताना हा भाग हमखास तळटीपेत जातो.

जून 1991 मध्ये बँकेने आपल्या इतिहासात प्रथमच, चालू प्रकल्पाच्या तपासणीसाठी बाहेरचा स्वतंत्र आयोग नेमला. अध्यक्ष होते संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे माजी प्रमुख ब्रॅडफर्ड मोर्स आणि उपाध्यक्ष कॅनडातील माजी न्यायाधीश थॉमस बर्जर. आयोगाची माणसे खोऱ्यातील गावांत गेली, लोकांशी बोलली, आणि जून 1992 च्या अहवालात आयोगाने स्पष्ट लिहिले, की प्रकल्प सदोष आहे, आजच्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही आणि बँकेने मागे सरून नव्याने विचार करावा. ‘अतिक्रमणदारां’चा प्रश्न त्यात सविस्तर आहे. बँकेच्या संचालक मंडळाने तरीही ऑक्टोबरमध्ये, अमेरिका, जपान, जर्मनी यांसारख्या देशांचा विरोध असताना, बहुमताने आणखी सहा महिने दिले. मात्र पुनर्वसनाच्या अटी घातल्या. त्या अटी पुऱ्या होणार नाहीत हे दिसू लागल्यावर मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, 30 मार्च 1993 रोजी, भारत सरकारने उरलेली रक्कम नको असल्याचे कळवले.

धरण मात्र थांबले नाही. गुजरातने रोखे विकून आणि देशातूनच पैसा उभा करून काम चालू ठेवले, ऑक्टोबर 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते पुढे नेण्यास परवानगी दिली आणि 2017 मध्ये 138.68 मीटर उंचीच्या धरणाचे लोकार्पण झाले. बँक निघून गेल्यावर बँकेच्या अटीही गेल्या, ही या विजयाची दुसरी बाजू आहे आणि ती मुलांना जरूर सांगावी.

मागे उरले ते असे. याच प्रकरणाच्या धगीने सप्टेंबर 1993 मध्ये बँकेने कायमचे तपासणी मंडळ स्थापन केले, ज्याच्याकडे प्रकल्पाची झळ बसलेली दोन माणसेही तक्रार करू शकतात. त्याचा उपयोग पुढे मुंबईत झाला. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पात सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्त्यासाठी हटवल्या जाणाऱ्या कुर्ल्याच्या दुकानदारांनी आणि इतर रहिवाशांनी 2004 मध्ये तक्रारी दिल्या. वर्षानुवर्षांचे गिऱ्हाईक असलेल्या मोठ्या दुकानाच्या बदल्यात 225 चौरस फुटांचा गाळा, तोही भलतीकडे, असे त्यांचे गाऱ्हाणे होते. डिसेंबर 2005 च्या अहवालात मंडळाने बँकेचे अनेक दोष दाखवले आणि मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनासाठीचे पैसे काही महिने रोखले. त्या दुकानदारांतील किती जणांना मणिबेली हे नाव माहीत असेल, कोण जाणे.

प्रश्न : आमची संस्था लहान आहे. मैला वाहून नेण्याच्या आणि गटारे साफ करण्याच्या कामात अडकलेल्या कुटुंबांसाठी आम्ही काम करतो. ‘संयुक्त राष्ट्रांना कळवा’ असे सगळे सांगतात; पण तिथे म्हणजे कोणाला, आणि आमचे कोण ऐकणार?
— एक कार्यकर्ता, लातूर

उत्तर : ‘संयुक्त राष्ट्रे’ नावाचे एकच कचेरीचे दार नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. भारताने मान्य केलेल्या प्रत्येक मानवी हक्क कराराची स्वतंत्र समिती जिनिव्हात बसते. नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक हक्कांचा करार भारताने 1979 मध्ये मान्य केला, वंशभेदविरोधी करार 1968 मध्ये आणि स्त्रियांविषयीचा 1993 मध्ये. सरकार समितीला ठरावीक काळाने अहवाल देते आणि त्याच वेळी संस्था आपला समांतर अहवाल देऊ शकतात. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांची मान्यता असावी लागत नाही. एकट्या माणसाची तक्रार थेट समितीकडे नेण्याची वाट मात्र आपल्याला बंद आहे, कारण त्यासाठी लागणारी वेगळी संमती (वैकल्पिक प्रोटोकॉल किंवा तशी घोषणा) भारताने दिलेली नाही. गावोगावी ‘तुमची केस जिनिव्हात लढवतो’ असे सांगत फिरणारे भेटले, तर हे एक वाक्य त्यांना ऐकवावे.

उघडी असलेली वाट विशेष प्रतिवेदकांची आहे. पाणी व स्वच्छता, आधुनिक गुलामगिरी, अल्पसंख्याकांचे हक्क अशा विषयांवर नेमलेले हे तज्ज्ञ असतात आणि त्यांना एखाद्या घटनेची माहिती पाठवता येते. देशातील न्यायालयांचे सर्व मार्ग आधी संपवले पाहिजेत, अशी अट तिथे नाही. माहिती पटली तर ते सरकारला पत्र लिहितात, उत्तरासाठी साधारण 60 दिवस देतात आणि मग ते पत्र प्रसिद्ध होते. पत्राने कोणाला नुकसानभरपाई मिळत नाही. पण सरकारचे लेखी उत्तर आले, तर ते उच्च न्यायालयातील याचिकेला जोडता येते.

तिसरी जागा मानवी हक्क परिषदेतील सर्वंकष आढाव्याची आहे. त्यात दर साडेचार ते पाच वर्षांनी प्रत्येक देशाची पाळी येते. भारताची 2008, 2012, 2017 आणि 2022 मध्ये आली. साडेतीन तासांच्या त्या बैठकीत प्रश्न विचारतात ती इतर देशांची सरकारे. एका संस्थेचे निवेदन 2,815 शब्दांत आणि अनेक संस्थांचे एकत्र निवेदन 5,630 शब्दांत बसवावे लागते, म्हणून लहान संस्थांनी एकत्र येणे शहाणपणाचे. मात्र निवेदन पाठवून घरी बसलात तर ते वाया गेले असे समजा. अनुभवी संस्था आढाव्याच्या काही महिने आधी दिल्लीतील दूतावासांच्या पायऱ्या झिजवतात आणि सोबत एकच पान नेतात. त्यावर एक मागणी असते, तीही तयार वाक्यात, जे वाक्य त्या देशाच्या प्रतिनिधीला आपल्या मिनिटभराच्या वेळात जसेच्या तसे वाचता येईल. चाळीस पानी अहवाल वाचायला राजनैतिक अधिकाऱ्याला सवड नसते.

तुमच्या विषयात आकडा हेच शस्त्र आहे. गटारात उतरून माणूस दगावला, तर तारीख, ठिकाण, ठेकेदाराशी असलेले नाते, हाताने मैला काढण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला की नुसती अपमृत्यूची नोंद झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठरवून दिलेले 10 लाख रुपये वारसांना मिळाले की नाही, एवढे प्रत्येक प्रकरणाचे लिहून ठेवा. (ती रक्कम 2023 मध्ये न्यायालयाने 30 लाख केली.) समितीपुढे सरकार ‘कायदा आहे’ असे सांगणारच, ‘कायदा आहे, पण या प्रकरणांत तो लागला नाही’ हे तुम्हीच सांगू शकता.

समित्यांच्या शिफारशी बंधनकारक नसतात, हे खरे. तरीही 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविषयी नियम घालून दिले, तेव्हा देशात तसा कायदा नव्हता आणि न्यायालयाने आधार घेतला तो स्त्रियांविषयीच्या त्याच आंतरराष्ट्रीय कराराचा.

प्रश्न : जातीचा प्रश्न आपला आहे, तो आपण सोडवू. परदेशात जाऊन देशाची अब्रू चव्हाट्यावर का मांडायची?
— एक निवृत्त अधिकारी, पुणे

उत्तर : हा प्रश्न आपल्याआधी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने विचारला होता. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार 1946 मध्ये भारतानेच संयुक्त राष्ट्रांत नेली, तेव्हा ‘ही आमची अंतर्गत बाब आहे’ असे उत्तर आले. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील आपल्या शिष्टमंडळाने ते मानले नाही आणि डिसेंबरमध्ये आमसभेचा ठराव भारताच्या बाजूने झाला. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचले, भारतातील अस्पृश्यही तसाच विचार करत आहेत, अर्जाच्या प्रती मिळतील का, अशी त्यात विचारणा होती आणि ड्यू बॉईस यांनी जुलैअखेर उत्तर पाठवले. तेव्हा ‘बाहेर जाणे’ ही आजच्या संस्थांनी काढलेली टूम नव्हे.

1965 च्या वंशभेदविरोधी कराराच्या पहिल्याच कलमात वंश व वर्ण यांच्याबरोबर ‘डिसेंट’, म्हणजे जन्माने मिळालेली कुळाची परंपरा, हा शब्द आहे, आणि तो मसुद्यात आणणारा देश भारतच होता. 1996 मध्ये या कराराच्या समितीने अनुसूचित जातींची स्थिती या शब्दाच्या कक्षेत येते असे म्हटले. जात म्हणजे वंश नव्हे, ही सरकारची भूमिका तेव्हापासून कायम आहे. 1998 मध्ये स्थापन झालेल्या दलित मानवी हक्कांच्या राष्ट्रीय मोहिमेने तोच शब्द धरून काम केले. वंशभेदाविरुद्ध 2001 मध्ये डर्बनला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेला हजारो मैलांवरून दलित कार्यकर्ते गेले, पण अंतिम जाहीरनाम्यात जात आली नाही. मात्र दुसऱ्याच वर्षी समितीने 29 क्रमांकाची सर्वसाधारण शिफारस काढून जात त्या शब्दात स्पष्ट बसवली. परिषद हरली तरी समिती मिळवता येते, हे या क्षेत्रातील लोक तेव्हा शिकले.

डिसेंबर 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीत अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषाशी केली आणि दोनच महिन्यांनी जिनिव्हात आपल्या प्रतिनिधींनी जातीचा प्रश्न या कराराखाली येतच नाही असे सांगितले. अब्रूचा विचार करायचा तर या दोन वाक्यांतील अंतराचाही करायला हवा.

या कामाची किंमतही मोजावी लागते. ‘आंतरराष्ट्रीय दलित एकजूट जाळे’ या संस्थेने संयुक्त राष्ट्रांच्या मान्यतेसाठी केलेला अर्ज, स्वयंसेवी संस्थांचे अर्ज पाहणाऱ्या सदस्य देशांच्या समितीत 2008 पासून, बहुतेक वेळा भारताच्या प्रश्नांमुळे, पुढे ढकलला जात राहिला आणि मान्यता मिळाली ती डिसेंबर 2022 मध्ये.

प्रश्न : तक्रार मराठीत चालते का?
— सोलापूरहून एक वाचक

उत्तर : जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे चालते, तिथे कोणत्याही भाषेत, साध्या पत्राने तक्रार देता येते. संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांना आणि प्रतिवेदकांना इंग्रजीतच लिहिणे सोयीचे. भाषांतर कोणीही करो, मूळ मराठी जबाब सहीनिशी जपून ठेवावा आणि ज्यांची नावे कागदावर जाणार, त्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवूनच संमती घ्यावी. पत्र प्रसिद्ध झाल्यावर पोलीस पाटील त्यांच्याच दारात जातो, भाषांतर करणाऱ्याच्या नाही.