घाणेरी कापली की दुप्पट फुटते, काय करू?

प्रश्न : सेमिनरी हिल्सजवळ राहतो. वन विभागाची परवानगी काढून कॉलनीतले आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी टेकडीवरची घाणेरी (लँटाना, बाहेरून येऊन पसरलेलं झुडूप) कापतो. दोन वर्षं झाली, पावसाळा आला की पुन्हा तेवढीच. बायको म्हणते, तिच्यावर फुलपाखरं बसतात, राहू द्या. मोकळ्या झालेल्या जागेत रानफुलांच्या बियांची पाकिटं टाकावी का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : भाऊ, दोन वर्षं तुम्ही घाणेरीची छाटणी करताय. मेंदीचं कुंपण माळी असंच दाट करतो! विळा घरी ठेवा, कुदळ घ्या. ही फुटते ती खोड आणि मूळ जुळतं तिथल्या गाठीतून. म्हणून बुडाची माती सारायची, दोन-तीन इंच खाली मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. फांदी ओल्या मातीला टेकली तर तिथंच मूळ धरते. दिल्लीचे वनस्पतीशास्त्रज्ञ सी. आर. बाबू यांनी ही रीत रुजवली. आपल्या मुरमाड टेकडीवर दोन चांगले पाऊस पडून गेल्यावरच जा, नाहीतर कुदळ नुसती वाजते.

पुढच्या वर्षी बुलबुल बसतात त्या झाडांखाली बघा. काळी फळं तेच खातात, रोपंही तिथंच उगवतात. दोन बोटांनी निघतात तेव्हाच काढा.

आता माझी चूक. शाळेतली मुलं घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा सांगून बसले, ‘हिरवं दिसेल ते उपटा.’ तासाभरात पोतं भरलं. त्याच्या तोंडाशी एक पान, टोक तारेसारखं वळलेलं. कळलावी, आपली रानातली फुलवेल! खाली नांगराच्या आकाराचा कंदही आला होता (संस्कृतात हिला लांगली म्हणतात ते उगाच नाही). कंद विषारी, म्हणून पोरांचे हात धुतले, तो परत पुरला. पुढच्या पावसाळ्यात तिथं काही उगवलं नाही.

तेव्हापासून मी उलट्या बाजूनं शिरते. जिथं कळलावी, रानहळद अजून टिकून आहे, तिथल्या कडेची घाणेरीची चार झुडपं आधी. दाट रान शेवटी.

पाकिटं नकोच. त्यात हमखास पिवळा-केशरी कॉसमॉस असतो, तो मेक्सिकोकडचा. एक पाहुणा घालवून दुसरा बसवायचा कशाला? ऊन लागलं की तेरडा, केना, कुरडू आपोआप वर येतात. अगदीच राहवत नसेल तर त्याच टेकडीवरचं कुरडूचं बी चोळून टाका.

वहिनींचं खरं आहे, फुलपाखरं मधासाठी बसतात. पण अळ्यांचं पोट घाणेरीवर भरत नाही. ते नारिंगी, काळ्या कडेचं फुलपाखरू अंडी घालतं रुईवर. रुई तोडू नका.

विचारलं नाहीत तरी सांगते : गाजर गवत फुलायच्या आत उपटा, पोळ्याची वाट बघू नका. आणि हातमोजे कोपरापर्यंतचे घ्या. मी एकदा आखूड घालून गेले होते, मनगटावरची खाज आठवडाभर गेली नाही.