गुणक वाढवूनही भाराखाली प्रोसेसरचा वेग का घसरतो?
गुणक (मूळ क्लॉकला ज्या आकड्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो) ५० ठेवल्यावर, म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या मूळ क्लॉकवर ५ गिगाहर्ट्झ अपेक्षित असताना, भार पडताच वेग ४.६ वर येतो, असे आपण विचारले आहे. व्होल्टेज वाढवण्याची घाई कृपया करू नका. व्होल्टेज अपुरे असेल तर सहसा वेग घटत नाही, संगणकच बंद पडतो किंवा विंडोजचा त्रुटी दाखवणारा निळा पडदा दिसतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात ‘के’ आणि मदरबोर्डवर गुणक वाढवू देणारा झेड मालिकेचा चिपसेट आहे ना, एवढे आधी पाहून घ्यावे.

त्यानंतर एचडब्ल्यूइन्फो (तापमान, वेग इत्यादी नोंदी दाखवणारे सॉफ्टवेअर) उघडून पूर्ण भाराखालील नोंदी वाचाव्यात. तापमान १०० अंशांजवळ असेल तर कूलरची बैठक आणि थर्मल पेस्ट तपासावी. ते ७० च्या आसपास असूनही वेग घसरत असेल, तर बायोसमधील (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमधील) पीएल१ आणि पीएल२ या वीजमर्यादा आड येत असण्याची शक्यता मोठी असते. मात्र ही घसरण ठरावीक चाचण्यांतच दिसत असेल, तर ‘एव्हीएक्स ऑफसेट’ (एव्हीएक्स या जड गणिती सूचना चालताना गुणकातून वजा होणारा आकडा) पाहावा: तो ४ असल्यास एव्हीएक्स सूचना चालताना ५० चा गुणक ४६ होतो, आणि आपला आकडा नेमका तोच असल्यामुळे या कारणांपैकी मी सर्वप्रथम तेच तपासेन.