प्रस्तावाचं घोडं नेमकं कुठे अडलंय?

प्रश्न : ताई, कॉन्फिगरेशन फाइल, म्हणजे प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल, वाचणारी आमची एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी आहे. ती सांभाळणारे, म्हणजे मेंटेनर, आम्ही चौघं. एका कॉन्ट्रिब्युटरने डिझाइन प्रस्ताव दिलाय : फाइलमध्ये अनोळखी की (म्हणजे सेटिंगचं नाव) आली तर सध्या आपण ती मुकाट सोडून देतो, त्याऐवजी एरर द्यावी. दोघं बाजूने आहेत, मी विरोधात, चौथा मूग गिळून बसलाय. महिने उलटले तरी चर्चा संपत नाही. आता मतदान घेऊन मोकळं व्हावं, असं बाकीचे म्हणतात. घ्यावं का?
– एक मेंटेनर

उत्तर : नका घेऊ. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही पाठवलेली चर्चा पहिल्यापासून वाचली. बाजूने लिहिणारे फिरून फिरून एकाच उदाहरणावर येतात. कुणीतरी ‘टाइमआउट’ या कीच्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरांची अदलाबदल केली, लायब्ररीने ती ओळ सोडून दिली, प्रोग्राम डीफॉल्ट वेळेवर चालत राहिला आणि चूक सापडेपर्यंत दिवस गेला. मुद्दा रास्त आहे. तुमचं म्हणणं वेगळं आहे : एकच फाइल जुन्या आणि नव्या अशा दोन्ही आवृत्त्यांचे प्रोग्राम वाचतात. नव्यासाठी एक की वाढवली की जुना प्रोग्राम सुरूच व्हायचा नाही. हेही रास्तच. पण या आक्षेपाला अख्ख्या चर्चेत कुणी उत्तरच दिलेलं नाही! तुम्ही तो मांडता, समोरून पुन्हा ‘टाइमआउट’ येतो, तुम्ही पुन्हा तेच लिहिता. मतदानात तुम्ही हराल, आणि जुना प्रोग्राम बंद पडायचा तो पडेलच.

इंटरनेटचे प्रोटोकॉल ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये ‘रफ कन्सेन्सस’ची पद्धत आहे. तिचा नेमका अर्थ 2014 च्या आरएफसी 7282 या त्यांच्या दस्तऐवजात लिहून ठेवलाय. सगळ्यांचं समाधान झालंच पाहिजे असं नाही, पण प्रत्येक आक्षेपाचा विचार झाला पाहिजे आणि तो बाजूला ठेवायचा तर का, ते सांगता आलं पाहिजे. शंभर जणांनी ‘हो’ म्हटल्यामुळे एका बिनउत्तराच्या आक्षेपाचं उत्तर मिळत नाही.

मतदानाचं म्हणाल तर पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा घडवणाऱ्यांनी तेही करून पाहिलंय. एका ओळीत ‘जर-तर-नाहीतर’ लिहिता यावं, असा पीईपी 308 होता (पीईपी म्हणजे पायथॉनमधल्या बदलाचा क्रमांक दिलेला प्रस्ताव). 2003 मध्ये मतं घेतली. असं काहीतरी हवं, हे बहुतेकांना मान्य होतं. पण कुठल्याही एका रूपाला बहुमत मिळेना, म्हणून प्रस्ताव बारगळला. पुढे 2005 मध्ये पायथॉनचे जनक गुइडो व्हॅन रॉसम यांनी स्वतःच एक रूप निवडलं आणि ते पायथॉन 2.5 मध्ये आलं.

म्हणजे एकाच माणसाच्या हाती सगळं द्यावं का? तसंही नाही. 2018 मध्ये पीईपी 572 या दुसऱ्या प्रस्तावावरून इतकी रणं माजली की प्रस्ताव स्वीकारल्यानंतर रॉसम यांनी निर्णयाचे अधिकार सोडले आणि पुढे पाच जणांची स्टीअरिंग कौन्सिल आली. पण त्या कौन्सिललाही एखाद्या पीईपीपुरता एक ‘डेलिगेट’ नेमता येतो. त्या प्रस्तावाचा निकाल तो देतो. तुमच्याकडे नेमकं हेच ठरलेलं नाही. चर्चा कुणासाठी चाललीय, तेच कुणाला माहीत नाही; मग जो तो सगळ्यांना पटवत बसतो.

माझं मत विचाराल तर त्या चौथ्या मेंटेनरलाच निर्णय द्यायला सांगा. तिघांनी आपापली बाजू घेऊन झालीय, त्याने घेतलेली नाही. गप्प माणसावर जबाबदारी टाकली की तो दस्तऐवज शेवटपर्यंत वाचतो, हा माझा अनुभव. त्याने ही जबाबदारीच नाकारली तर अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांतली ‘लेझी कन्सेन्सस’ची रीत वापरा : हरकतीसाठी किमान 72 तास द्यायचे आणि तेवढ्यात कुणी बोललं नाही तर संमती धरायची. मात्र तिथेही कोडमधल्या बदलाला कुणी ‘उणे एक’, म्हणजे विरोधी मत, दिलं तर सोबत तांत्रिक कारण द्यावं लागतं. नुसतं ‘मला पटत नाही’ चालत नाही.

आणि मुदत घाला. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात टीमच्या बहुतेक सदस्यांनी संमतीची खूण केली की ‘फायनल कमेंट पीरियड’ सुरू होतो, 10 दिवसांचा. कित्येक जण तेव्हाच पहिल्यांदा मनापासून वाचतात, हे मी पाहिलंय. (मुदत नसेल तर माणसं ‘उद्या वाचू’ म्हणतात. मीही म्हणते.)

तुमच्या प्रस्तावात भर घालायला लावावी असं एकच : ‘पर्याय’ नावाचा विभाग. एरर आणण्याआधीच्या एका रिलीजमध्ये नुसती वॉर्निंग. एरर हवी त्याच्यासाठी वेगळा कडक मोड. किंवा डीफॉल्ट बदलायचा तो पुढच्या मेजर रिलीजमध्येच. प्रत्येकाखाली दोन ओळी, तुमच्या जुन्या-नव्या आवृत्तीच्या आक्षेपाचं त्यात काय होतं एवढ्याच. आक्षेप तुमचा आहे, तेव्हा पहिला मसुदाही तुम्हीच लिहा. वाट बघत बसू नका.

प्रश्न : आमच्याकडे बटणाचा रंग बदलायचा तरी प्रस्तावाचा टेम्पलेट भरायला सांगतात. हे बरोबर आहे का?
– नवी कॉन्ट्रिब्युटर

उत्तर : नाही. जो बदल पुढच्या रिलीजमध्ये कुणालाही त्रास न होता मागे घेता येतो, त्याला पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘माझा हा बदल घ्या’ अशी थेट कोडसकट विनंती, पुरते. लोकांच्या कोडला चिकटणाऱ्या गोष्टींना मात्र प्रस्ताव हवा : सार्वजनिक एपीआय (इतरांचे प्रोग्राम ज्यातून तुमचा कोड वापरतात तो भाग), फाइलचा फॉरमॅट, डीफॉल्ट. अनेक मशीनवर प्रोग्राम चालवणाऱ्या कुबरनेटीस या सॉफ्टवेअरच्या प्रस्तावांत, म्हणजे केईपींत, हे फीचर चालू क्लस्टरवर (त्या मशीनच्या गटावर) बंद कसं करायचं आणि बंद केल्यावर काय होईल, असं सरळ विचारलेलं असतं. टेम्पलेटमधला माझा सगळ्यात आवडता प्रश्न तो. बटणाच्या रंगाला तो विचारून बघा, उत्तर एका ओळीत संपेल. तीच ओळ पुल रिक्वेस्टमध्ये लिहा.

प्रश्न : माझा प्रस्ताव फेटाळला गेला. वाईट वाटलं, ते असो. पण रिपॉझिटरीतून, म्हणजे प्रकल्पाच्या कोडसाठ्यातून, त्याची फाइल काढून टाकू का? उगाच पसारा.
– नाव नको

उत्तर : मुळीच नका काढू. फेटाळलेले प्रस्ताव मी स्वीकारलेल्यांपेक्षा जास्त वेळा उघडते. स्वीकारलेल्याचा कोड समोर असतो, तो वाचता येतो; नकाराचं कारण कोडमध्ये कुठेच सापडत नाही.

तुमच्या पंगतीला कोण आहे, तेही बघा. पायथॉनमध्ये ‘स्विच’ (एका किमतीवरून अनेक वाटांतली एक निवडणारी रचना) आणावा, असा पीईपी 3103 खुद्द रॉसम यांनी लिहिला होता. 2007 च्या पायकॉन या पायथॉन परिषदेतल्या भाषणात त्यांनी श्रोत्यांचा कौल घेतला, पाठिंबा दिसला नाही, आणि त्यांनी स्वतःचाच प्रस्ताव फेटाळला. फाइल आजही जागेवर आहे, कारणासकट. पुढे 2021 मध्ये 3.10 आवृत्तीत ‘मॅच’ आलं, पण ते वेगळ्या पायावर, पॅटर्न मॅचिंग (माहितीची रचना जुळवून बघणं) म्हणून.

तेव्हा फाइलमधलं ‘ड्राफ्ट’ खोडून ‘फेटाळला’ असं लिहा. खाली निर्णय देणाऱ्याचं कारण त्याच्याच शब्दांत उतरवा, तुमचं मत त्यात मिसळू नका. काय बदललं तर हा विषय पुन्हा काढता येईल, ही शेवटची ओळ त्याच्याकडूनच लिहून घ्या. तो टाळेल. दोनदा विचारा.